काका, किती सेट राहिले?

डोंबिवलीकराचा पुस्तकावर फार विश्वास. पोहे किती भिजवायचे हे तो आईला विचारेल, पण मधुमेह, शेअर बाजार, विपश्यना आणि व्हिएतनामची सहल या गोष्टी तो पुस्तक वाचल्याशिवाय करत नाही. माझ्या ओळखीत पुस्तक वाचून मुलं वाढवलेले आईबाप आहेत. त्यातली एकदोन मुलं चांगली निघालीसुद्धा. तेव्हा पन्नाशी समोर दिसायला लागल्यावर अंगात ताकद कमवायची असं मी ठरवलं आणि जिमच्या आधी पुस्तक गाठलं, यात आमच्या गावाला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं.

पुस्तक शोधावंही लागलं नाही. आमच्याकडे पै फ्रेंड्स लायब्ररी पुस्तकांचं आदान-प्रदान भरवते. घरातलं पुस्तक न्यायचं, तिथलं आणायचं. मी आहेरात आलेलं, श्रीमंत होण्याचे मार्ग सांगणारं एक जाडजूड पुस्तक दिलं. इतकी वर्षं घरात राहूनही त्याने आमचं काही बरं-वाईट केलं नव्हतं. बदल्यात मिळालं मार्क रिपटो यांचं ‘स्टार्टिंग स्ट्रेंग्थ’. हे रिपटो टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स नावाच्या गावात जिम चालवणारे गृहस्थ. 2005 मध्ये पुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली आणि जगभरच्या लोखंड उचलणाऱ्या मंडळींनी ते पोथी म्हणून डोक्यावर घेतलं.

आधीच्या मालकाने पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं होतं. सुरुवातीच्या पानांवर जवळपास प्रत्येक ओळीखाली रेघ, तीही पट्टीने मारलेली. स्क्वॉटचं प्रकरण सुरू होतं तिथे रेघा दुहेरी होतात. मग एकेरी. मग पट्टी सुटते आणि रेघ वाकडी जायला लागते. पुढे एके ठिकाणी समासात ‘गुडघा??’ असं लिहिलंय, आणि त्यानंतरचं पुस्तक अगदी कोरं. त्याच पानात डोंबिवली ते सीएसएमटी, पहिल्या वर्गाचा, मुदत संपलेला त्रैमासिक पास होता. हा मनुष्य हल्ली पुलाचे जिने कसे उतरत असेल, हा विचार अधूनमधून माझ्या मनात येतो.

कार्यक्रम मात्र इतका साधा की काहीतरी लपवलंय असं वाटावं. स्क्वॉट, प्रेस, बेंच प्रेस, डेडलिफ्ट आणि थोडं तयार झाल्यावर पॉवर क्लीन. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाआड. पाच-पाचचे तीन सेट, डेडलिफ्टचा एकच. रिकामा बार 20 किलोचा असतो, तिथून सुरुवात करायची आणि दर खेपेला थोडं वजन वाढवायचं. बस. बायसेपला वेगळा वार नाही, पोटाला वेगळं मशीन नाही. आमच्या जिममध्ये सोमवार चेस्टचा, मंगळवार बॅकचा असा वारांचा हिशेब चालतो आणि पायांचा दिवस आला की अर्ध्या पोरांच्या घरी पूजा निघते. रिपटोंचं म्हणणं, स्क्वॉट रोज. म्हणजे ज्या दिवशी जिम, त्या दिवशी स्क्वॉट.

यामागचं तत्त्व काही कालचं नाही. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात क्रोटनचा मायलो नावाचा ग्रीक पैलवान होऊन गेला. तो म्हणे एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू वाढत गेलं, मायलोही वाढत गेला, आणि शेवटी तो आख्खा बैल घेऊन हिंडायला लागला. आमच्या सोसायटीत हा प्रयोग शक्य नाही. इथे पार्किंगमध्ये दुसरी स्कूटर ठेवायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. पण कल्पना तीच. तिला आधुनिक वैद्यकात आणलं ते डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांचे पाय हळूहळू बरे करण्याची रीत होती. डीलॉर्मनी त्यांना चक्क जड वजनं उचलायला लावली, टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, आणि 1945 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. त्याच्याही आधी, 1936 मध्ये, हान्स सेल्ये यांनी शरीर ताणाला कसं तोंड देतं याची मांडणी केली होती. रिपटोंचा सगळा डोलारा या मांडणीवर उभा आहे. शरीराला ताण द्या. मग त्याला सोडा. ते सावरताना पहिल्यापेक्षा थोडं जास्त घट्ट होतं. म्हणजे ताकद वजन उचलताना येत नाही, उचलून झाल्यावर स्वस्थ बसताना येते. म्हणून दोन सेटच्या मध्ये पाच मिनिटं विश्रांती. वजन जड झालं तर आणखी. रात्री आठ तास झोप. भरपूर दूध.

इथे टेक्सास आणि डोंबिवली यांचे रस्ते वेगळे होतात.

वजनाची आमच्या भागात कधीच टंचाई नव्हती. रात्री नऊच्या सुमाराला डोंबिवलीच्या पुलावर उभं राहून बघा. पाठीवर लॅपटॉप, एका हातात दळणाचा डबा, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, खांद्यावर झोपलेलं पोर, आणि हे सगळं घेऊन माणूस जिना चढतोय, वर फोनवर साहेबाला ‘हो सर’ म्हणतोय. अमेरिकेत याला फार्मर्स वॉक म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. श्वास रोखायलाही आम्हाला कुणी शिकवायला नको. जड बार पाठीवर घेऊन खाली जाताना छातीत दम भरून रोखून धरायचा असतो. आमच्या पिढीचा हा सराव लहानपणीच झाला. पारसिकचा बोगदा 1916 सालचा, लांबी सव्वा किलोमीटरच्या वर. फास्ट गाडी आत शिरली की डब्यातली पोरं श्वास रोखायची आणि मुंबईच्या बाजूला उजेड दिसला की फस्सकन सोडायची. 2022 मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून जलद लोकल मुंब्र्याच्या अंगाने जातात आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. आताच्या पोरांना श्वास रोखायला जिमची फी भरावी लागते.

टंचाई आहे ती बसण्याची. डोंबिवलीचा माणूस मुंबईला जायला आधी उलटा कल्याणला जातो. कशाला? तर बसून यायला. त्याला ‘डाऊन करणं’ म्हणतात, आणि त्यासाठी माणसं अर्धा तास झोप मोडून उठतात. तिघांच्या बाकावर चौथा अर्ध्या मांडीवर टेकतो आणि त्या अर्ध्या मांडीचं राज्य घाटकोपरपर्यंत उपभोगतो. कुणी खिडकीशी डोळे मिटून बसलेला दिसला की समोर उभा असलेला पहिला प्रश्न विचारतो, “कुठे उतरणार?” बसलेल्या माणसाकडे बघण्याची आमची ही तऱ्हा आहे. बसलेला माणूस म्हणजे लवकरच रिकामी होणारी जागा. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही याच नजरेने एकमेकांकडे बघत आलोय. ती नजर जिमच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही.

आमची जिम मानपाडा रस्त्याच्या एका गल्लीत, फरसाणाच्या दुकानाच्या वर आहे. खाली कढई तापली की वर पोरांचं डाएट मोडतं. स्क्वॉटचा रॅक एकच. त्यावर सकाळी टॉवेल वाळत असतात, दुपारी त्याच्या आडव्या दांडीला बॅगा लटकतात आणि संध्याकाळी त्यात उभं राहून मुलं आरशात बायसेप मारतात. मी माझा पहिला सेट केला, बार जागेवर ठेवला, शेजारच्या बाकावर बसलो आणि घड्याळ लावलं. अर्धं मिनिट झालं असेल.

“काका, किती सेट राहिले?”

“दोन.”

“मग मध्ये मारू का?”

नाही कसं म्हणणार? त्याने माझ्या बारवर दोन्ही बाजूंना ढाली चढवल्या, म्हणजे त्या प्लेटच होत्या पण आकाराने ढालीच. आपला सेट मारला, आरशाला खांदा दाखवला आणि “घ्या काका” म्हणून पाण्याला गेला. ढाली उतरवणं माझ्याकडे. त्या उतरवून, ठेवून, माझ्या छोट्या प्लेट शोधून लावेपर्यंत विश्रांतीची पाच मिनिटं संपली होती आणि मी सेटमध्ये दमलो नव्हतो इतका विश्रांतीत दमलो होतो.

ट्रेनरचाही या विश्रांतीला ठाम विरोध. पोरगा चांगला, विशीतला, दंड असे की टी-शर्टची बाही कायम अडचणीत. “काका, बसू नका. बॉडी थंड पडेल. पंप निघून जाईल.” मी म्हटलं, पुस्तकात पाच मिनिटं लिहिलंय. त्याने पुस्तक हातात घेतलं, मागून पुढून पाहिलं आणि अत्यंत आदराने परत दिलं. “पुस्तक बरोबर असेल काका. पण संध्याकाळी आठ ते दहा नाही.”

तिसरा प्रकार सर्वांत घातक. बसलेला माणूस दिसला की हा बोलायला येतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ट्रेडमिलवर चालतात. चालतात म्हणजे पट्टा चालतो, ते त्यावर असतात. मी बाकावर टेकलो की ते पट्टा थांबवून येतात. सध्या डोंबिवलीत कुठलेही दोन पुरुष एकत्र बसले की पुनर्विकासावर बोलतात. पाऊस, क्रिकेट आणि राजकारण हे विषय त्यामुळे मागे पडले. “बिल्डरचा नवा ड्राफ्ट वाचलात का? कार्पेट म्हणतोय, पण बाल्कनी धरून.” पाच मिनिटांनी मी बारखाली गेलो तेव्हा पाठीवर लोखंड होतं आणि डोक्यात कॉर्पस फंड. रिपटोंनी स्क्वॉटच्या वेळी नजर कुठे ठेवायची हे नीट सांगितलंय: समोर चार-पाच फुटांवर, जमिनीकडे. मन कुठे ठेवायचं ते राहून गेलंय.

विश्रांतीच्या शोधात मी ठाण्यालाही जाऊन आलो. माझं ऑफिस वागळे इस्टेटला. तिथल्या एका तरुण सहकाऱ्याने सांगितलं, घोडबंदर रोडला मस्त जिम आहे, पहिला दिवस फुकट. मेट्रो 4च्या खांबांमधून वाट काढत रिक्षा तिथे पोचेपर्यंतच मला बऱ्यापैकी विश्रांती मिळाली. आत काचा, एसी, लिंबाचा वास. मुलीने विचारलं, “सर, तुमचा गोल काय आहे? फॅट लॉस की मसल गेन?” मी म्हटलं, मला बसायचंय. तिने ते टॅबवर कसं नोंदवलं कोण जाणे. मग एका मशीनवर अनवाणी उभं केलं, दोन दांडे हातात दिले, आणि मशीनने बिल छापावं तसा एक कागद काढून दिला. त्यावर माझ्या स्नायूंचं, चरबीचं, पाण्याचं वजन अलगअलग होतं आणि शेवटी एका चौकटीत ‘मेटाबॉलिक वय: 61’. ज्येष्ठ नागरिक झालो, पण रेल्वे हा कागद मानत नाही. तिथला रॅक मोकळा होता. बाक गुबगुबीत. पाच काय, पन्नास मिनिटं बसा, कुणी हूं की चूं करणार नाही. वर्षाच्या पॅकेजचा आकडा ऐकल्यावर मात्र मी उभा राहिलो. आमच्या भागात बसायला मिळतं, पण चौरस फुटाच्या दराने.

कल्याण उरलं. कल्याणला माझी सासुरवाडी. सासरे, नाना, ऐंशीला टेकलेत आणि अजून पाठीचा कणा ताठ. तरुणपणी जुन्या कल्याणातल्या तालमीत मेहनत केलेला माणूस. मी टेक्सासच्या पुस्तकावरून व्यायाम करतोय हे त्यांना लेकीकडून कळलं होतं.

“जावईबापू, पुस्तकच हवं होतं तर इथे काय दुष्काळ होता?” आणि मग नाना सुरू झाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत काढला, 1936 ते 1949 या काळात, थोडाथोडका नाही, दहा खंड. कुस्ती, मल्लखांब, जोर, बैठका, लाठी, सगळं त्यात. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी तर सूर्यनमस्कारांचं वेडच घेतलं होतं. राजा स्वतः रोज नमस्कार घालायचा आणि संस्थानातल्या शाळकरी पोरांनाही घालायला लावायचा; 1938 मध्ये त्यांचं नमस्कारांवरचं पुस्तक इंग्रजीत लंडनला निघालं आणि साहेब लोक ते बघून ओणवे व्हायला लागले. तेव्हा छापील कागद समोर ठेवून घाम गाळायची पद्धत आपल्याकडचीच. टेक्सासवाल्याने फक्त बारकोड लावला, इति नाना.

“आणि त्या दहा खंडांत सेटच्या मध्ये किती बसायचं सांगितलंय?” मी विचारलं.

नाना मला तालमीत घेऊन गेले. उत्तर तोंडी द्यायचं नाही ही त्यांची पद्धत. आत मारुती, शेंदूर, तेलाचा वास. एका कोपऱ्यात आखाड्याची लाल माती. तेल, ताक, हळद घालून मळलेली, त्यामुळे मऊसूत. भिंतीला मुद्गल आणि करेल टेकवलेले, खाली दगडी नाल. मुद्गलांवर धूळ होती हे नानांनी बघितलं आणि मी बघू नये म्हणून पुढे उभे राहिले. पोरं पलीकडे बेंच प्रेस मारत होती. तिथे बसायला बाक नव्हताच. नाना म्हणाले, “आमच्या वस्तादांच्या हातात छडी असायची. दम खायचा तो फिरता फिरता. बसला तो संपला.” मग माझ्या कानाशी येऊन, “आणि घरी जाऊन तासभर आडवं पडायचं, हे कुणाला सांगायचं नाही.” म्हणजे सेल्येसाहेबांचा शोध कल्याणला आधीच लागला होता, फक्त बाहेर फोडला नव्हता.

दुधाचं प्रकरण घरातल्या घरात मिटलं. सडपातळ तरुणांनी वजन वाढवायला दिवसाला एक गॅलन दूध प्यावं, असा रिपटोंचा सल्ला प्रसिद्ध आहे. गॅलन म्हणजे 3.78 लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या जवळजवळ आठ पिशव्या. मी सडपातळ नाही, तरुण नाही, तेव्हा तो सल्ला माझ्यासाठी नव्हताच. मी केवळ गंमत म्हणून जेवताना वाचून दाखवला. आई घास थांबवून म्हणाली, “मी ग्लासभर दे म्हणून मागे फिरायचे तेव्हा सायीचं निमित्त करून मोरीत ओतायचास. आता अमेरिकेतला माणूस सांगतोय तर बादलीभर?” कोल्हापुरात ठीक आहे. तिथे गंगावेशीत म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पेल्यात देतात आणि पैलवान ते उभ्याउभ्या संपवतात. आमच्याकडे दूधवाल्याला एक पिशवी जास्त सांगितली तरी तो विचारतो, “घरी काही कार्य आहे का?” आठ तास झोपेबद्दल मी घरी वाचून दाखवलंही नाही. बायको सकाळी साडेपाचला उठते.

शेवटी विश्रांतीचा मार्ग पुस्तकानेच दाखवला, पण आतल्या मजकुराने नव्हे. एकदा पाच मिनिटं कशी काढायची म्हणून मी बाकावर बसून डेडलिफ्टचं प्रकरण उघडलं. समोर दोन मुलं रॅकसाठी उभी होती. एकाने तोंड उघडलं, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. “काका वाचतायत.” आणि दोघं गेले! हातात मोबाईल असता तर त्यांनी मला उठवून, पाठीवर थाप मारून, बार घेतला असता. पण डोंबिवलीत वाचणाऱ्या माणसाला उठवत नाहीत. आमच्या गावाला सांस्कृतिक म्हणतात ते अगदीच उगीच नाही. सेक्रेटरीही ट्रेडमिलवरून नुसते हात हलवून थांबले; त्यांना वाटलं मी ड्राफ्ट वाचतोय. तेव्हापासून मी सेट संपवला की पुस्तक उघडतो. डेडलिफ्टचं प्रकरण लवकरच संपलं. हल्ली रिपटोंच्या पोटात दिवाळी अंक असतो. ट्रेनर नव्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतो की बघा, काका एकेका सेटच्या आधी किती अभ्यास करतात.

विश्रांती मिळायला लागली आणि वजन खरोखरच वाढायला लागलं. स्क्वॉट वाढला, डेडलिफ्ट तर आपणहून वाढत गेला. अडला तो प्रेस, म्हणजे उभ्याने बार डोक्यावर नेण्याचा प्रकार. खांदे हे लहान गडी. त्यांना एका खेपेला थोडंच वाढवलेलं चालतं. रिपटोंनी त्यासाठी लहान लहान प्लेट वापरायला सांगितल्यात. आमच्या जिममधली सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन बाजूंना दोन म्हणजे पाच किलोची उडी. मी किती तरी दिवस त्या उडीच्या अलीकडे उभा होतो.

नानांना सांगितलं. नाना गप्प बसले आणि पुढच्या रविवारी मला कल्याणच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे घेऊन गेले. तिथे एका गोणीत वाण्यांची जुनी लोखंडी वजनं पडली होती. षट्कोनी, काळी, हाताने गुळगुळीत झालेली. उलटी केली की तळाला शिशाची टिकली आणि तिच्यावर वैधमापनवाल्यांचे शिक्के एकावर एक. 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आले तेव्हा या वजनांनी शेर आणि छटाक यांना भंगारात घातलं. आता इलेक्ट्रॉनिक काट्यांनी यांना घातलं. मी अर्ध्या-अर्ध्या किलोची जोडी निवडली. भंगार किलोवर विकतात, त्यामुळे भंगारवाल्याने ती वजनं आपल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. दोन्ही मिळून 975 ग्रॅम भरली. वेगवेगळी ठेवली तर एक 490, दुसरं 485. नानांनी टोपी मागे सरकवली. “कुणाच्या दुकानातली रे ही?” भंगारवाला म्हणाला, “काका, आता काय उपयोग?” नाना घरी येईपर्यंत हिशेब करत होते, आणि वाटेत दोन जुन्या दुकानांच्या पाट्यांकडे त्यांनी फार वाईट नजरेने पाहिलं.

मी ती वजनं पायजम्याच्या नाडीने बारच्या दोन टोकांना बांधली, तेव्हा जिममध्ये जो हशा झाला त्याने खालची कढई हलली असेल. “काका, अर्धा किलो? मेथीची जुडी बांधा!” मी त्यांना सांगलीच्या संकेत सरगरची गोष्ट सांगितली. घरची पानपट्टी आणि चहाचा गाडा. 2022 ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, 55 किलोचा गट. पोराने एकूण 248 किलो उचललं, शेवटी कोपर दुखावलं तरी पुन्हा बारपाशी गेला. रौप्य. मलेशियाच्या गड्याने 249 उचललं, त्याला सुवर्ण. मधला फरक एक किलो, म्हणजे माझ्या या दोन वजनांची जोडी, तीही नवी असताना. जिम गप्प झाली. ढालीवाला मुलगा पुढे आला, नाडीची गाठ बोटाने तपासली आणि हळूच म्हणाला, “काका, तुमचं झालं की मला द्याल? माझा प्रेस पण अडलाय.”

त्यानंतर ती वजनं माझी राहिली नाहीत. फळ्यावर ‘शूज घालून मॅटवर येऊ नये’ याच्या खाली ‘काकांची वजने वापरल्यास जागेवर ठेवावीत, नाडी सोडू नये’ असं लिहिलं गेलं. नंबर लागायला लागले. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जोडीतलं एक गायब झालं. बार एका बाजूला झुकायला लागला. सगळ्यांच्या बॅगा बघून झाल्या. शेवटी ट्रेनरने मान खाली घालून सांगितलं की खालच्या फरसाणवाल्याचा काटा ऐन गर्दीत बंद पडला, त्याने माळ्यावरचा जुना तराजू काढला, पण वजनं कधीच भंगारात गेलेली. तेव्हा तो वर मागायला आला होता.

मी खाली उतरलो. दुकानासमोर पार रस्त्यापर्यंत रांग. तराजूच्या एका पारड्यात माझं वजन, नाडीसकट, आणि दुसऱ्या पारड्यात भाजणीच्या चकल्या. मी म्हटलं, शेठ, ते माझं आहे. माझा प्रेस अडलाय.

“दिवाळी होईपर्यंत राहू द्या ना काका,” तो हात न थांबवता म्हणाला.

रांगेतल्या लोकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मी पुढे वाकलो. “अहो, पण ते खरं नाहीये. अर्ध्या किलोला दहा ग्रॅम कमी भरतं.”

“माहितीये,” शेठ म्हणाले, आणि पुढचं पाकीट बांधायला घेतलं.